बिघाड कुठल्या टप्प्यात?

कर्जत किंवा खालापूर तालुक्यात मोबाइलवर चॅटबॉटला प्रश्न विचारला आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहिले, तर दोनच निदाने ऐकू येतात. एक म्हणजे ‘रेंज नाही’, दुसरे ‘सर्व्हर डाउन आहे’. पहिल्यात दोष आपल्या गावाचा, दुसऱ्यात कुठल्यातरी दूरच्या यंत्राचा. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: आपण आणि ते यंत्र यांच्यामध्ये एक अखंड धागा आहे, तो एकतर असतो किंवा नसतो. ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे सांगायला या दोन तालुक्यांइतका चांगला साक्षीदार महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मुंबईला पुण्याशी आणि देशावरच्या मुलखाशी जोडणाऱ्या मोठ्या वाटा गेली दोनशे वर्षे याच पट्ट्यातून गेल्या. आधी सडक, मग रेल्वे, तारायंत्र, वीजवाहिनी, द्रुतगती मार्ग, आणि आता रुळांच्या व रस्त्याच्या कडेने पुरलेले ऑप्टिकल फायबर. यांतली एकही वाट अखंड नव्हती. प्रत्येकीला टप्पे होते, प्रत्येक टप्प्याचा मालक वेगळा होता, आणि बिघाड व्हायचा तो सगळ्या वाटेत नव्हे, कुठल्यातरी एका टप्प्यात. माझे म्हणणे असे की चॅटबॉट उघडत नाही तेव्हा उपयोगी पडणारी विद्या नवी नाही. घाटातल्या रेल्वेने आणि तारखात्याने ती कधीच सिद्ध केलेली आहे. आणि या भागापुरते बोलायचे तर दोष बहुतेक वेळा मुख्य मार्गावर नसतो. मुख्य मार्गापासून गावाकडे फुटणाऱ्या शेवटच्या फाट्यावर असतो.

बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील अशी सडक १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, खुली झाली. रेल्वे आली ती तुकड्यातुकड्यांनी. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे, १८५४ मध्ये कल्याण, १८५६ मध्ये पळसदरीवरून खोपोली. तिकडे घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे ही लाइन १८५८ मध्ये सुरू झाली. मधला घाट तेवढा उरला. म्हणजे सुमारे पाच वर्षे अशी परिस्थिती होती की मुंबईची बाजू धडधाकट, पुण्याची बाजू धडधाकट, दोन्हीकडे गाड्या धावताहेत, आणि तरी प्रवास खोपोलीला तुटत होता. तिथे उतरून पालखी, तट्टू किंवा गाडी करून खंडाळा गाठायचा आणि पुन्हा आगगाडीत बसायचे. त्या काळी पुण्याला पोचायला उशीर झालेल्या माणसाने बोरीबंदरला दोष दिला असता किंवा पुणे स्टेशनला, तरी दोन्ही तक्रारी वाया गेल्या असत्या. तुटलेला भाग कोणता हे नाव घेऊन सांगता येत होते.

तो भाग जोडायला लागलेले कष्ट अफाट होते. १८५६ मध्ये सुरू झालेले घाटाचे काम २१ एप्रिल १८६३ रोजी पुरे झाले. सुमारे २५ किलोमीटरांची चढण, १८३१ फुटांची उंची, पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ. कामाच्या भरात चाळीस हजारांहून जास्त मजूर इथे राबत होते. पटकीने आणि तापाने किती मेले याचा नेमका हिशेब कोणी ठेवला नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये हिंदुस्थानात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. या पराक्रमाची गोष्ट रेल्वेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तिच्या दुसऱ्या बाजूकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. नवी लाइन पळसदरीहून घाट चढली आणि काल-परवापर्यंत शेवटचे स्टेशन असलेली खोपोली एका झटक्यात फाट्यावर गेली. आजही मुंबई-पुणे गाड्या पळसदरीहून वर चढतात आणि केळवली, डोलवली, लौजी, खोपोली ही स्टेशने एकेरी शाखेवर मोजक्या लोकलची वाट पाहतात. मुख्य मार्ग सुधारला म्हणून फाटा सुधारत नाही, हा धडा या भागाला १८६३ मध्येच मिळाला होता.

घाटातली गाडी सुरक्षित ठेवण्यासाठी रेल्वेने जी पद्धत बसवली ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. पळसदरीपासून वर जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल अशा केबिन आहेत. दोन केबिनांमधला पट्टा हा स्वतंत्र घटक. गाडी या पट्ट्यात शिरली पण पुढच्या केबिनीपाशी आली नाही, तर शोध तेवढ्याच पट्ट्यात घ्यायचा. सगळा घाट पिंजून काढायचा नाही. उतरणीवर तर याहून कडक नियम. उतरणाऱ्या गाडीने कॅच सायडिंगपाशी थांबायचे आणि ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध करायचे. ते सिद्ध होईपर्यंत सांधा मुख्य मार्गाकडे नव्हे, डोंगरावर चढणाऱ्या बाजूच्या रुळाकडे लावलेला असतो. २६ जानेवारी १८६९ रोजी ब्रेक न लागल्याने एक गाडी रिव्हर्सिंग स्टेशन, म्हणजे गाडीची दिशा उलटवण्याची जागा, ओलांडून पुढे गेली होती. अशा अनुभवांतून नियम ठरत गेला की मागचा टप्पा नीट पार पडला म्हणून पुढचाही पडेल असे धरून चालायचे नाही, प्रत्येक टप्प्यावर नव्याने खातरी करायची. आणि दोष कधी कधी चांगल्या दिसणाऱ्या बांधकामाच्या पोटात असतो, हेही घाटानेच दाखवले. जुलै १८६७ मध्ये महू-की-मल्लीचा दगडी पूल कोसळला, तेव्हा त्याला चार-सव्वाचार वर्षेच झाली होती. त्यानंतर इतर पूल तपासले तर दगडकामातली तीच कच्ची भर दुसरीकडेही सापडली.

तारखात्याने ही विद्या आणखी बारीक केली. विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली उभारलेली विजेची तार फेब्रुवारी १८५५ मध्ये सर्वसामान्यांना वापरायला मिळाली. मुंबईहून मद्रासला जाणारी तार पुण्यावरून जात होती, म्हणजे ती हा घाट चढूनच वर जात होती. पावसाळ्यात घाटातल्या तारेचे काय होत असेल हे इथे राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. तार तुटायची, ओल्या फांदीला टेकून विजेचा प्रवाह जमिनीत जिरायचा, किंवा दोन तारा एकमेकींना लागायच्या. तिन्हींची लक्षणे निराळी होती. तुटलेल्या तारेत प्रवाह मुळीच जात नाही. जमिनीला लागलेल्या तारेत इकडून भरपूर प्रवाह जातो, पण पलीकडे पोचतो क्षीण. एकमेकींना लागलेल्या तारांवर एकीचा निरोप दुसरीवर उमटतो. तारमास्तर आधी लक्षण पाहायचा आणि मग तारेचे भाग पाडायचा. मधल्या कचेरीला तार जमिनीशी जोडायला सांगायची. प्रवाह नीट वाहिला तर तिथपर्यंतची तार ठीक, दोष त्यापलीकडे. मग त्याच्या पुढच्या कचेरीपर्यंत तीच परीक्षा. पुढे व्हीटस्टनच्या मंडलावर आधारलेल्या चाचण्यांनी दोष किती मैलांवर आहे हेही कचेरीत बसून काढता येऊ लागले आणि लाइनमन नेमक्या खांबाकडे निघू लागला. १५ जुलै २०१३ पासून भारतातली तारसेवा बंद झाली. परीक्षा करण्याची रीत मात्र तीच राहिली. आजचा नेटवर्क अभियंता संगणकावरून वाटेतल्या एकेका थांब्याला हाक मारून बघतो आणि उत्तर कुठून येईनासे झाले ते पाहतो, तेव्हा तो तारमास्तराचेच काम करत असतो.

वीज आली तेव्हा या तालुक्यांचे मधल्या मुलखाचे स्थान सर्वांत ठळक झाले. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीने लोणावळा, वळवण आणि शिरवता इथली तळी भरून ते पाणी पाचशे मीटरांहून अधिक उंचीवरून नळांतून खाली खोपोलीला आणले, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये तिथली वीज मुंबईला जाऊ लागली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातले भिवपुरी केंद्र सुरू झाले, ठोकरवाडीच्या धरणाच्या पाण्यावर. ही योजना आखली होती मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी. १९२९ मध्ये घाटातल्या गाड्याही विजेवर चालू लागल्या. चाके फिरवून बाहेर पडलेले पाणी खोपोलीच्या खाली पाताळगंगेला मिळाले. वीज मात्र उंच मनोऱ्यांवरून, शेतांच्या आणि वाड्यांच्या डोक्यावरून थेट शहराकडे गेली. ग्रामीण महाराष्ट्रात वीज नेण्याचे मोठे काम १९६० मध्ये राज्य वीज मंडळ झाल्यानंतरच्या दशकांतले आहे. जिथे वीज तयार होते तिथे ती आधी मिळतेच असे नाही, कारण मोठ्या दाबाची वाहिनी गावात उतरवायची तर उपकेंद्र लागते, रोहित्र लागते, खांब लागतात, आणि हा खर्च कोणीतरी अंगावर घ्यावा लागतो. जवळून जाणे आणि जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुख्य वाहिनीचे टप्पे इथल्या माणसांना किती अचूक माहीत होते, याचा सर्वांत तेजस्वी पुरावा १९४२ चा आहे. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, वकील होते. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा चालवल्या होत्या. चले जाव आंदोलनात भूमिगत होऊन त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात मुंबईला वीज नेणारे अकरा मनोरे या दस्त्याने पाडले. मुंबईतल्या गिरण्यांवर पहारा होता, वीजकेंद्रांवर पहारा होता. दोहोंच्या मधला रानातला लांबच लांब पट्टा प्रत्येक मनोऱ्यापाशी शिपाई उभा करून राखणे सरकारला शक्य नव्हते. कोतवालांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हे ओळखले होते की साखळी कितीही मोठी असली तरी तिची ताकद तिच्या सर्वांत उघड्या कडीएवढीच असते, आणि ती कडी आपल्या रानात आहे. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या बलिदानाची चॅटबॉटच्या तक्रारींशी बरोबरी करण्याचा इथे हेतू नाही, तशी बरोबरी होऊच शकत नाही. मला त्यातून घ्यायचे आहे ते ज्ञान. जी वाट आपल्या अंगणातून जाते तिची रचना समजणारा माणूस त्या वाटेपुढे असहाय राहत नाही.

आजच्या वाटेकडे येऊ. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते मुंबईसह चार महानगरांत. पुढच्या काळात मुंबई-पुणे फायबर रुळांच्या कडेने आणि द्रुतगती मार्गाच्या कडेने गेले, म्हणजे पुन्हा कर्जत-खालापूरमधून. कर्जत तालुक्यातल्या कशेळ्यात बसून मोबाइलवर लिहिलेला एक प्रश्न कोणकोणत्या हातांतून जातो ते पाहण्यासारखे आहे. फोनपासून टॉवरपर्यंत तो रेडिओलहरींवर जातो. टॉवरपासून पुढे फायबरने किंवा मायक्रोवेव्हने मोबाइल कंपनीच्या जाळ्यात. तिथे चॅटबॉटच्या नावाचा पत्ता आकड्यांत शोधला जातो. मग मुंबईतून, गरज पडल्यास समुद्राखालच्या केबलने परदेशात. त्या सेवेच्या दारात बहुतेक वेळा एक तिसरीच कंपनी उभी असते. येणारा माणूस आहे की त्रास देणारे यंत्र हे ती तपासते. आत गेल्यावर खाते तपासले जाते, रांग असते, आणि मग प्रश्न त्या भाषायंत्रापुढे येतो. उत्तर परत येते ते एकगठ्ठा नव्हे, शब्दांच्या बारक्या तुकड्यांनी, आणि तेवढा वेळ जोडणी उघडी राहावी लागते. यांतला कुठलाही टप्पा अडला तरी पडद्यावर तेच चक्र फिरते.

म्हणून तारमास्तराप्रमाणे आधी लक्षण वेगळे करायला हवे. पान मुळीच उघडत नाही, पान उघडते पण उत्तर सुरू होत नाही, आणि उत्तर सुरू होऊन मध्येच तुटते, या तीन निराळ्या तक्रारी आहेत. चॅटबॉटचे उत्तर म्हणजे थोडासा मजकूर, त्याला वेग फारसा लागत नाही. पण ते पान पहिल्यांदा उघडताना त्याच्यामागचा बराच मोठा प्रोग्रॅम उतरावा लागतो, आणि तिथे मंद नेट आडवे येते. उलट उत्तर मध्येच तुटत असेल तर वेग पुरेसा असून जोडणी अस्थिर असण्याचा संभव जास्त. घाटातल्या गाडीत एकामागून एक बोगदे येतात, फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जातो, आणि उघडी जोडणी निसटते. अशा वेळी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवण्याआधी पान एकदा ताजे करून पाहावे. बरेचदा उत्तर पलीकडे तयार होऊन संभाषणात नोंदलेले असते, फक्त आपल्यापर्यंत आलेले नसते. पान उघडते आणि उत्तरच सुरू होत नाही, तेव्हा खाते, रांग, वापराची मर्यादा किंवा फार लांबलेले जुने संभाषण यांकडे पाहावे. नवे संभाषण उघडून दोन शब्दांचा प्रश्न टाकला की यातले काही लगेच स्पष्ट होते.

त्यानंतर वाटेचे भाग पाडायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. हा नियम सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त मोडला जाणारा. चिडलेला माणूस फोन बंद-चालू करतो, वायफाय बदलतो, अ‍ॅप काढून टाकतो, सगळे एकदमच. मग चालू झाले तरी दोष कशात होता ते कळत नाही, आणि रेंज कमी असेल तर काढलेले अ‍ॅप परत उतरतही नाही. त्याऐवजी फोन तोच ठेवून वाट बदलावी, वायफाय बंद करून मोबाइल डेटा, किंवा दुसऱ्या कंपनीचे सिम. चॅटबॉट उघडला तर तो बंद नव्हता, आपली पहिली वाट बंद होती. तरीही उघडला नाही तर वाट तीच ठेवून फोन बदलावा. शेजारच्या फोनवर चालत असेल तर दोष आपल्या यंत्रात आहे, आणि तिथे शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. फोनची तारीख किंवा वेळ चुकलेली असेल तर सुरक्षित जोडणीचा दाखला खोटा ठरतो आणि पान नाकारले जाते. ब्राउझरमध्ये साठलेल्या जुन्या कुकीज बिघडल्या असतील तर खासगी विंडोत तेच पान बरोबर उघडते. जाहिराती अडवणारे एखादे जोड-साधन किंवा चालू राहिलेला व्हीपीएन दारावरच्या तपासणीत अडकतो. कर्जतच्या फार्महाउसवर किंवा रिसॉर्टवर वायफायला जोडल्यावर आधी त्यांचे स्वतःचे लॉगिन पान भरावे लागते. ते भरले नाही तर फोनवर वायफायची खूण दिसते आणि पलीकडे काहीच जात नाही. कॉलेजच्या जाळ्यात काही साइट जाणूनबुजून बंद ठेवलेल्या असतात, तेव्हा त्याला बिघाड म्हणता येत नाही.

यूट्यूब चालतेय, मग नेट ठीकच आहे, असे म्हणून अनेकजण चौकशी थांबवतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती मोबाइल कंपन्यांच्या जवळच्या केंद्रांत साठवलेल्या असतात, त्यामुळे तो व्हिडिओ कदाचित मुंबईच्या पुढे गेलेलाच नसतो. चॅटबॉटचा प्रश्न त्याहून फार लांब जात असू शकतो. तार खंडाळ्यापर्यंत वाजते म्हणून ती मद्रासपर्यंत वाजेल असे तारमास्तराने कधी धरले नसते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारताच्या परदेशी इंटरनेट क्षमतेचा मोठा भाग एका दिवसात गेला. त्या दिवशी देशातल्या देशात नेट चालत होते आणि बाहेरचे अडत होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही सगळी परीक्षा जुन्या तारांची आहे. आजची सेवा हजारो संगणकांवर पसरलेली असते, ती पडते तेव्हा सर्वत्र पडते, आणि गावातल्या माणसाने काहीही तपासले तरी उपयोग नाही. यात तथ्य आहे. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचच्या सुमारास चॅटजीपीटीसह जगातल्या असंख्य साइट बंद पडल्या, कारण त्यांच्या दारात उभी असलेली क्लाउडफ्लेअर ही कंपनीच अडखळली होती. पण त्या संध्याकाळची हकिकत या आक्षेपाच्या विरुद्धच जाते. पडद्यावर संदेश येत होता तो क्लाउडफ्लेअरच्या पत्त्यावरची बंदी उठवा असा, जणू वापरणाऱ्याने आपल्या फोनवर काही अडवून ठेवले आहे. तो संदेश खरा मानणारा माणूस आपल्या ब्राउझरशी तासभर झटापट करत बसला असता. दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या फोनवर तेच दिसते का एवढे पाहिले असते तर दोन मिनिटांत कळले असते की दोष आपल्याकडे नाही. खुद्द त्या कंपनीच्या अभियंत्यांनाही सुरुवातीला मोठ्या सायबर हल्ल्याचा संशय आला. प्रत्यक्षात त्यांच्याच यंत्रणेत तयार झालेली एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट मोठी झाली होती आणि ती वाचणारा प्रोग्रॅम कोसळत होता. टप्पे वेगळे करत गेल्यावरच त्यांना ते सापडले. दूरचे टोक बंद असते हे मान्य, पण ते बंद आहे हे ठरवण्यासाठीही जवळचे टप्पे तपासून बाजूला ठेवावे लागतात. तेवढे झाले की त्या सेवेचे स्थितिदर्शक पान पाहायचे आणि थांबायचे.

दुसरा आक्षेप असा की मोबाइल बिनतारी आहे, तारेचा इतिहास इथे कशाला. पण बिनतारी असतो तो फक्त फोन आणि टॉवर यांच्यामधला टप्पा. टॉवरच्या पुढे पुन्हा तार आहे, आणि टॉवरला वीज लागते. पावसात झाड पडून वाहिनी तुटली किंवा रोहित्र जळाले, की टॉवर थोडा वेळ बॅटरीवर चालतो आणि मग गप्प होतो. फोनवर चॅटबॉट उघडत नाही. दोष ना चॅटबॉटचा ना मोबाइल कंपनीच्या फायबरचा, दोष वीजवाहिनीचा. त्या वेळी सिमच्या कंपनीला फोन करत राहणारा माणूस चुकीच्या दारावर उभा असतो. इथल्या डोंगररांगाही विसरून चालत नाही. माथेरानच्या किंवा राजमाचीच्या कड्याआड असलेल्या वाडीला समोरचा टॉवर दिसत नसेल तर जवळून कितीही क्षमतेचे फायबर गेले तरी त्याचा तिला लाभ नाही. शनिवार-रविवारी मुंबईहून आलेली गर्दी त्याच टॉवरवर चढते, तेव्हा रेंजच्या रेषा पूर्ण दिसूनही काही पुढे सरकत नाही, कारण रेषा लहरींची ताकद सांगतात, मोकळी जागा सांगत नाहीत.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. चॅटबॉट ही चैनीची गोष्ट आहे, आणि पैसे मोजणाऱ्या ग्राहकाने लाइनमन होण्याची अपेक्षा का करावी? चैनीचे आधी बघू. फाट्यावरच्या शेवटच्या टप्प्याची किंमत काय असते हे खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिले. इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपासून चौक आणि मुंबई-पुण्याचा महामार्ग काही किलोमीटरांवर. पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे बचावपथकांना डोंगर पायी चढावा लागला आणि मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली. देशातला एक गाजलेला रस्ता पायथ्याजवळून जात होता आणि शेवटचा टप्पाच नव्हता. शेवटच्या टप्प्याचा प्रश्न मनोरंजनाचा प्रश्न नाही, मग तो रस्त्याचा असो, विजेचा असो की नेटचा. ज्या वाटेने आज विद्यार्थ्याचा प्रश्न जातो त्याच वाटेने उद्या दवाखान्याचा निरोप, पावसाचा इशारा आणि रेशनची नोंद जाते.

ग्राहकाच्या बाजूने बोलायचे तर आक्षेप बरोबरच आहे. दुरुस्ती करणे ग्राहकाचे काम नाही. टप्पा ओळखणे मात्र त्याच्या हिताचे आहे, कारण या साखळीत मालक अनेक आहेत आणि प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. मोबाइल कंपनी म्हणते तुमचा हँडसेट, हँडसेटवाला म्हणतो नेटवर्क, नेटवर्कवाला म्हणतो वीज नव्हती. ‘नेट चालत नाही’ ही तक्रार या तिघांतून अलगद निसटते. ‘अमुक वाडीत, अमुक कंपनीच्या सिमवर, रोज संध्याकाळी सात ते दहा, वीज असताना आणि रेंज दिसत असताना कोणतीही साइट उघडत नाही, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर त्याच जागी उघडते’ ही तक्रार टाळता येत नाही, कारण तिने बाकीचे टप्पे आधीच मोकळे केलेले असतात. जोडीला पडद्यावरच्या संदेशाचे वेळेसकट छायाचित्र आणि आणखी दोन घरांची तशीच नोंद असली तर पुरे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली आणि २०१५ पासून ती भारतनेट या नावाने चालते. तिची मूळ आखणी पंचायतीपर्यंतचीच होती. पंचायतीच्या कार्यालयातल्या पेटीपासून वाडीपर्यंतचे अंतर कोणी, कधी आणि कोणत्या पैशातून पार करायचे, हे ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर वेगळा विषय म्हणून यायला हवे, आणि त्या ठरावात बंद टप्प्याचे नाव लिहिलेले असावे.